वाचकांचे प्रश्न: लिंडहर्स्ट नक्की कितव्या सालचं?

गेल्या अंकात हडसन नदीकाठच्या जुन्या मॅन्शन्सवर लिहिलं होतं, त्यात लिंडहर्स्टला जेमतेम एक परिच्छेद मिळाला होता: न्यूयॉर्कच्या उत्तरेला टॅरीटाऊन गावात हे गॉथिक घर आहे, एकोणिसाव्या शतकात बांधलं आणि नंतर वाढवलं, एवढंच. पत्रं मात्र सगळ्यात जास्त त्याच परिच्छेदावर आली, म्हणून या वेळचं सदर अख्खं लिंडहर्स्टलाच दिलंय.

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा लिंडहर्स्ट बघून आलो. एकीकडे घर १८३८ चं म्हणतात, दुसरीकडे १८६५ असं वाचलं. नक्की कधीचं धरायचं? आणि मागाहून एवढं वाढवलंय तर त्याला मूळ घर म्हणायचं तरी का?
– एक वाचक

उत्तर: दोन्ही सालं बरोबर आहेत, आणि या घरातली खरी गंमत त्या दोन सालांच्या मधेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

१८३८ मध्ये विल्यम पॉल्डिंग नावाच्या गृहस्थांनी हडसनच्या काठावर उंचवट्याची जागा बघून घर बांधायला घेतलं. हे पॉल्डिंग न्यूयॉर्क शहराचे माजी महापौर. आर्किटेक्ट होते अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिस, वय पस्तीस. त्या काळात अमेरिकेत पैसेवाल्या माणसाचं घर म्हणजे कसं, तर ग्रीक देवळासारखं, समोर पांढरे खांब, मधोमध दरवाजा, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. डेव्हिस स्वतः अशा इमारतींमध्ये पुरते मुरलेले होते, पार्टनर इथिएल टाउन यांच्याबरोबर त्यांनी सरकारी इमारतीसुद्धा याच ग्रीक पद्धतीने केलेल्या. आणि तोच माणूस पॉल्डिंगसाठी एकदम उलटं काहीतरी काढतो: टोकदार कमानी, छोटे छोटे मनोरे, वर कंगोरे, बाहेर आलेल्या बे विंडो, आणि दोन बाजू एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या. घराचं नाव ठेवलं 'नोल'. दगड जवळच्याच सिंग सिंगच्या खाणींचा, फिकट चुनखडीचा, त्याला तिकडे संगमरवरच म्हणायचे.

लोकांना ते पचलं नाही. फिलिप होन म्हणून एक प्रसिद्ध रोजनिशीकार होते, त्यांनी १८४१ मध्ये हे घर बघून जे लिहिलं त्याचा सारांश असा की मठ म्हणावा की किल्ला कळत नाही, इमारत अवाढव्य आहे पण आत राहायला जागा नाही, आणि एक ना एक दिवस लोक याला पॉल्डिंगचा वेडेपणा म्हणणार. आता हे होनसुद्धा न्यूयॉर्कचे माजी महापौर, आणि तेही पॉल्डिंगच्या दोन कारकिर्दींच्या मधल्या एका वर्षाचे, त्यामुळे शेरा वाचताना तेवढं लक्षात ठेवायला हवं. पण 'आत जागा नाही' ही तक्रार पोकळ नव्हती. बाहेरून किल्ल्याचा थाट असला तरी पॉल्डिंगचं घर आतून तसं आटोपशीरच होतं, चिंचोळे पॅसेज, बेताच्या खोल्या. उन्हाळ्यात नदीकाठी येऊन राहणाऱ्या कुटुंबाला ते पुरत होतं.

मग १८६४ मध्ये घर विकत घेतलं जॉर्ज मेरिट या व्यापाऱ्याने. रेल्वेच्या डब्यांना लागणाऱ्या रबरी स्प्रिंगच्या पेटंटवर त्याने पैसा केला होता. त्याला मोठं घर हवं होतं. तेव्हा यादवी युद्ध अजून चालू होतं आणि डेव्हिस साठीचे झाले होते. मेरिटने वाढीव बांधकामासाठी त्यांनाच बोलावलं, आणि माझ्या मते या घराच्या इतिहासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. जुन्या घराला नवा मालक आला की तो बहुतेक वेळा स्वतःचा माणूस आणतो, त्या माणसाला आधीच्यापेक्षा आपलं वेगळं काहीतरी दाखवायचं असतं आणि त्या ओढाताणीत घराची रया जाते. इथे सव्वीस वर्षांनी तोच आर्किटेक्ट आपल्याच घरापाशी परत आला, दगडाची भाषा त्याला पाठ होती, आणि १८६५ पर्यंत त्याने घर जवळपास दुप्पट केलं.

काय काय वाढवलं ते सांगतो म्हणजे परत गेलात तर बघता येईल. उत्तरेकडे अख्खी नवीन विंग आली, तिच्यात मोठी डायनिंग रूम, वर झोपायच्या खोल्या, नोकरांच्या खोल्या, आणि तो चार मजली टॉवर जो आज प्रत्येक फोटोत सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. म्हणजे ज्याला आपण लिंडहर्स्टचा चेहरा समजतो तो पहिल्या घरात नव्हताच! पूर्वी घोडागाडी जिथे छपराखाली येऊन थांबायची ती पोर्च काचा लावून आत घेतली, तिची व्हेस्टिब्यूल, म्हणजे दारातली लहान खोली झाली, आणि गाडीसाठी पुढे नवीन पोर्च बांधली. पॉल्डिंगच्या वेळची वरच्या मजल्यावरची उंच छताची लायब्ररी पुढे चित्रांची गॅलरी झाली. नावही बदललं, आवारातल्या लिंडन झाडांवरून 'लिंडनहर्स्ट', पुढे त्याचंच लिंडहर्स्ट झालं.

हे सगळं जोडूनही घर ठिगळ लावल्यासारखं दिसत नाही याचं कारण १८३८ च्या नकाशातच आहे. घर दोन्ही बाजूंनी एकसारखं असलं असतं तर एका अंगाला एवढी मोठी विंग लावल्यावर ते सरळ सरळ कलंडल्यासारखं दिसलं असतं, तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूलाही तेवढंच बांधावं लागलं असतं. पण डेव्हिसनी पहिल्यापासूनच घर असं विषम ठेवलं होतं की त्याला एका बाजूने वाढता यावं, आणि उंच टॉवर आल्यावर तर आधी पसरलेल्या लहान मनोऱ्यांना एक मुख्य ठिकाण मिळालं. होन ज्याला वेडेपणा म्हणत होते त्यानेच घराला वाढायची सोय करून दिली होती.

तेव्हा मूळ घर म्हणायचं का, तर हो, निःशंकपणे म्हणा, फक्त साल विचारलं तर दोन्ही सांगा.

प्रश्न: आत गाइडने सांगितलं की भिंती दगडी वाटतात पण गिलाव्यावर दगडासारखं रंगवलंय, छताचं ओकही खरं ओक नाही. एवढ्या श्रीमंतांनी नकली सामान का वापरलं असेल? ऐकून थोडा विरस झाला.
– एक वाचिका

उत्तर: ताई, विरस मुळीच होऊ देऊ नका, उलट लिंडहर्स्टमध्ये सगळ्यात निवांत बघायची गोष्ट हीच आहे.

त्या काळात साध्या लाकडावर ओकचे रेषे उठवणं किंवा खांबावर संगमरवराच्या शिरा काढणं हा स्वतंत्र पेशा होता, त्याची वेगळी उमेदवारी करावी लागायची आणि चांगल्या कारागिराला मान होता. पद्धत अशी, की आधी खालचा पक्का रंग द्यायचा, तो वाळला की त्यावर पातळ पारदर्शक थर, आणि तो ओला आहे तोवरच त्यात कंगव्यासारख्या अवजाराने लाकडाचे रेषे ओढायचे, संगमरवर असेल तर पिसाने शिरा काढायच्या, परत वरून वॉर्निश. हात चुकला की पुसून पुन्हा पहिल्यापासून. लिंडहर्स्टच्या डायनिंग रूममधले खांब असेच रंगवून संगमरवरी केलेत, आणि गिलाव्याच्या भिंतींवर दगडाचे चिरे आखून रंगवलेत.

आणि हे करण्यामागे कारणही होतं. गॉथिक म्हटलं की दगडी कमानी आणि जाडजूड लाकडी तुळया डोळ्यासमोर येतात, चर्चमध्ये त्या खरोखरच भार पेलत असतात. पण राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर खरी दगडी कमान घ्यायची तर तिचं वजन पेलायला खालच्या भिंती किती जाड कराव्या लागतील बघा, मग खोल्यांना जागा उरणार नाही आणि थंडीत घर गरम होणार नाही. म्हणून आकार गिलाव्याचा आणि रूप रंगाचं. आलेल्या पाहुण्यालाही हे माहीत असायचं, त्यात कोणी कोणाला फसवत नव्हतं, कारागिराचा हात बघून लोक खूश व्हायचे.

खरी काळजी वेगळीच आहे, अशी रंगकामं फार लवकर नाहीशी होतात. नंतरच्या मालकाला अंधारं वाटतं, तो वरून पांढरा हात मारतो की संपलं. त्या काळच्या कितीतरी घरांतून ती अशीच गेली. लिंडहर्स्टमध्ये ती इतकी टिकलीत हीच मोठी गोष्ट. आणि फर्निचरही सोडू नका, टोकदार कमानीच्या पाठीच्या खुर्च्या, टेबलं, यातलं बरंचसं डेव्हिसनी स्वतःच डिझाइन केलेलं आहे, पहिल्या बांधकामाच्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही, त्यामुळे खुर्चीची पाठ आणि खिडकीची कमान एकाच हातातून उतरलीये हे दिसतं.

प्रश्न: शेअर बाजार आणि रेल्वेवाल्या जे गुल्डसारख्या बदनाम माणसाच्या नावाने हे घर ओळखलं जातं. त्याने घरात नेमकं काय बदललं?
– एक वाचक

उत्तर: घराच्या दगडी अंगाला त्याने जवळजवळ हातच लावला नाही, आणि म्हणून त्याचे आभार मानायला हवेत.

गुल्ड जन्मला १८३६ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉक्सबरीच्या गरीब शेतकऱ्याच्या घरी. मोजणीदार, मग चामड्याचा धंदा, मग शेअर बाजार. ईरी रेल्वेच्या ताब्यासाठी रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्टशी झालेली लढाई, आणि त्यानंतर बाजारातलं सोनं कोंडून भाव चढवायचा खेळ, जो २४ सप्टेंबर १८६९ ला कोसळला आणि तो दिवस 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून इतिहासात गेला. पुढे युनियन पॅसिफिक रेल्वे, वेस्टर्न युनियन ही तार कंपनी, न्यूयॉर्कची उन्नत रेल्वे असं सगळं त्याच्या हातात आलं. वर्तमानपत्रांनी त्याला राक्षसासारखं रंगवलं. त्यातलं बरंच त्याने ओढवूनही घेतलेलं होतं, ते मी नाकारत नाही.

पण घराच्या बाबतीत बघा. मेरिट १८७३ मध्ये गेला आणि १८८० मध्ये गुल्डने ही इस्टेट विकत घेतली, उन्हाळी घर म्हणून. त्याच्याकडे इतका पैसा होता की हे पाडून तिप्पट मोठं बांधणं त्याला सहज जमलं असतं, आणि तेव्हाच्या श्रीमंतांची हवाही तीच होती. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत व्हँडरबिल्ट घराण्याने न्यूपोर्टला मार्बल हाऊस आणि ब्रेकर्ससारखे दगडी महाल नव्याने उभे केले. गुल्डने आत फर्निचर बदललं, रंगीत काचेच्या खिडक्या आणल्या, सजावट त्याच्या काळाची केली, बाहेरून घर डेव्हिसनी सोडलं तसंच राहू दिलं. उन्हाळ्यात तो इथून मॅनहॅटनच्या ऑफिसला आपल्या अटालांटा नावाच्या यॉटमधून जायचा. घरी आल्यावर त्याचं मन दोन गोष्टींत, पुस्तकं आणि फुलझाडं, ऑर्किड तर फारच.

प्रश्न: घरापासून थोडं लांब एक प्रचंड लोखंडी सांगाडा दिसला, काचा नाहीत. ते अर्धवट राहिलेलं बांधकाम आहे का?
– एक वाचक

उत्तर: नाही, ते ग्रीनहाऊस आहे आणि एके काळी पूर्ण भरलेलं होतं.

पहिलं काचघर मेरिटने बांधलं, अवाढव्य, मधे कांद्याच्या आकाराच्या घुमटाचा टॉवर. त्याचा माळी फर्डिनांड मँगोल्ड हा जर्मन माणूस, आणि आज आपण जी हिरवळ, तो वळत वळत घराकडे जाणारा रस्ता आणि मधे एकेकटी सोडलेली मोठी झाडं बघतो ती त्याच्या हाताखाली तयार झाली. दलदल होती ती उपसून त्याने जमीन केली. मालक बदलले तरी मँगोल्ड राहिला. बागेचा इतिहास लिहायचा तर त्याचं नाव सगळ्यात आधी घ्यायला पाहिजे, पण टूरमध्ये ते पटकन उरकतात याचं मला वाईट वाटतं.

गुल्डने इस्टेट घेतली त्याच वर्षी, डिसेंबर १८८० मध्ये, हे काचघर जळालं. गुल्डने लगेच १८८१ मध्ये त्याच जागी दुसरं बांधून घेतलं, लॉर्ड अँड बर्नहॅम या काचघरं बांधणाऱ्या कंपनीकडून, लांबी जवळपास ३८० फूट, आणि या वेळी सांगाडा लाकडाऐवजी धातूचा. एवढं मोठं धातूच्या सांगाड्याचं काचघर अमेरिकेत तेव्हा नवीन होतं. काचा गेल्या, झाडं गेली, पण तुम्ही बघितलात तो सांगाडा त्या धातूच्या निर्णयामुळेच आज उभा आहे.

प्रश्न: एवढी इस्टेट सार्वजनिक कशी झाली? आणि म्युझियम करताना घर पहिल्यासारखं १८३८ चं का नाही केलं?
– एक वाचिका

उत्तर: आधी पहिला भाग. गुल्ड डिसेंबर १८९२ मध्ये क्षयाने गेला, वय ५६. मुलांची आई जवळजवळ चार वर्षं आधीच गेलेली, त्यामुळे थोरली मुलगी हेलन हिने घर आणि धाकटी भावंडं सांभाळली. तिने १८९४ मध्ये नदीकडच्या बाजूला बोलिंग ॲलीची सुंदर इमारत बांधली, गावातल्या मुलींसाठी शिवणाचे वर्ग चालवले, गुलाबाची बाग वाढवली. न्यूयॉर्क विद्यापीठात ती कायदा शिकली होती आणि त्या विद्यापीठाला तिने मोठ्या देणग्या दिल्या. १९१३ मध्ये तिचं लग्नही याच घरात झालं. १९३८ मध्ये ती वारली आणि मग धाकटी बहीण ॲना फ्रान्समधून परत आली. ॲना लग्नामुळे तालेराँ घराण्याची डचेस झाली होती, आयुष्याचा मोठा भाग पॅरिसमध्ये काढलेला, तरी तिने हे घर मोडीत काढलं नाही, नोकरचाकर ठेवून नीट सांभाळलं. १९६१ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या मृत्युपत्राने इस्टेट नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आली. १९६६ मध्ये घराला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा मिळाला. आज तिथे ६७ एकर जागा आहे.

आता दुसरा भाग, आणि ताई, तुम्ही विचारलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुनं घर हातात आलं की 'मूळ रूपात आणू' हा मोह फार मोठा असतो. पण लिंडहर्स्ट १८३८ वर न्यायचं म्हणजे काय करायचं ते डोळ्यासमोर आणा: टॉवर पाडायचा, डायनिंग रूम पाडायची, गॅलरीतली चित्रं काढून परत लायब्ररी करायची, गुल्डच्या काचा उतरवायच्या. डेव्हिसनीच पूर्ण केलेलं काम डेव्हिसच्याच नावाने मोडायचं, आणि हातात काय येणार, तर आपण आज अंदाजाने बांधलेलं नवीन घर. एकोणिसाव्या शतकात युरोपात चर्चच्या बाबतीत हे खूप झालं, नंतरची कामं खरवडून शुद्ध गॉथिक करायचं वेड. त्याला विरोध म्हणूनच विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. आणि लिंडहर्स्ट ट्रस्टकडे आलं त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६४ मध्ये, व्हेनिसला जगभरच्या जाणकारांनी जी सनद केली तिच्या अकराव्या कलमात साफ लिहिलंय की इमारतीत प्रत्येक काळाने घातलेल्या रास्त भरीचा मान ठेवला पाहिजे, सगळं एकाच शैलीत आणणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नाही.

लिंडहर्स्टमध्ये तेच केलंय. पॉल्डिंग, मेरिट, गुल्ड, तिन्ही कुटुंबांच्या वस्तू आणि खोल्या आहेत. एका खोलीत तीन काळ दिसले तर गोंधळायला होतं हे खरं, पण घर जगलं तसंच दिसतं, आणि मला तरी दुसरा कुठला मार्ग प्रामाणिक वाटत नाही.

प्रश्न: कुठलंही जुनं घर बघताना कुठला भाग आधीचा आणि कुठला नंतरचा हे साध्या माणसाला ओळखता येतं का?
– एक वाचक

उत्तर: बरंचसं येतं, फक्त सजावटीकडे आधी बघायचं नाही, ती सगळ्यात जास्त बदलते. जोड बघा. बाहेरच्या भिंतीत उभी सलग रेघ दिसली, जिथे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत, तर तिथे बहुतेक एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालंय. आत मजल्याची पातळी अचानक एक-दोन पायऱ्यांनी बदलते तिथे थांबा. आतल्या भिंतीत खिडकी असेल तर ती एके काळी बाहेरची भिंत होती. दारा-खिडक्यांच्या चौकटीवरची नक्षी खोलीगणिक ताडून बघा. अमेरिकेतल्या घरांत खिळेसुद्धा बोलतात, चपटे कापीव खिळे एकोणिसाव्या शतकातले, तारेचे गोल खिळे साधारण १८९० नंतर सगळीकडे पसरले. लाकडावर करवतीच्या सरळ खुणा आहेत की गोल, तेही बघा, गोल असतील तर चकतीच्या करवतीचं काम, म्हणजे सहसा नंतरचं. रंगाचे थर तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, ते आपलं काम नाही.

आणि मग कागद. खरेदीखतं, विम्याचे नकाशे, जुने फोटो. लिंडहर्स्टचं नशीब असं की डेव्हिस सगळं जपून ठेवणारे होते, त्यांची ड्रॉइंग्ज आज न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी लायब्ररीसारख्या ठिकाणी आहेत.

प्रश्न: पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. तिथे अजून काय बघण्यासारखं?
– एक वाचिका

उत्तर: मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची लोकल टॅरीटाऊनला जाते. जाताना नदीच्या बाजूची खिडकी पकडा. घराच्या टूरची वेळ निघायच्या आधी बघून ठेवा, कारण आत टूरबरोबरच जाता येतं. टूरच्या आधी तासभर तरी बाहेर फिरा, घराला पूर्ण फेरी मारा, टॉवर आणि जुना भाग कुठे मिळतात ते स्वतः शोधा, मग आत गेल्यावर गाइड काय म्हणतोय ते पटापट कळतं. ओल्ड क्रोटन ॲक्वेडक्ट म्हणजे १८४२ मध्ये न्यूयॉर्कला पाणी न्यायला सुरू झालेला जुना कालवा याच आवारातून जातो, त्याच्या वरून आता पायवाट आहे. त्या वाटेने दक्षिणेकडे गेलात की शेजारीच वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाचं सनीसाइड लागतं. तेही रिमॉडेल केलेलंच, अर्व्हिंगने १८३५ मध्ये एक जुनं डच शेतघर घेऊन त्याचं केलेलं. लेखक जेम्स कर्क पॉल्डिंग हे अर्व्हिंगचे मित्र आणि आपल्या माजी महापौरांचे सख्खे भाऊ, तेव्हा दोन्ही घरं एकाच दिवशी बघा. पाय दुखत असतील तर आधी लिंडहर्स्ट, तिथे जिने जास्त आहेत.